तिजोरी उघडताना मालक हजर असतो का? पासवर्ड मॅनेजर आणि जेन्किन्स

पासवर्ड मॅनेजर आणि बिल्डचं काम आपोआप करणारं साधन, या दोघांची तुलना करायला घेतली की पहिला प्रश्न हाच येतो, की ही तुलना हवी कशाला? एक आपल्या फोनमध्ये बसून ईमेल, बँक, वीजबिल यांचे पासवर्ड सांभाळतं. दुसरं, उदाहरणार्थ जेन्किन्स, एखाद्या सर्व्हरवर चालतं आणि प्रोग्रामरांनी लिहिलेल्या कोडपासून वापरता येईल असं तयार सॉफ्टवेअर बनवतं. कामं वेगळी आणि वापरणारेही वेगळे. तरीही सॉफ्टवेअर बनवणाऱ्या कुठल्याही टीममध्ये सगळ्यांत मोलाच्या किल्ल्या कुठे ठेवल्या आहेत हे शोधायला गेलं, तर त्या बहुतेक याच दोन ठिकाणी सापडतात. लोकांच्या किल्ल्या पासवर्ड मॅनेजरमध्ये असतात आणि यंत्रांच्या बिल्ड सर्व्हरवर.

म्हणूनच अनेक टीम एक चुकीचा समज धरून चालतात: "आमच्या जेन्किन्समध्ये पासवर्ड एन्क्रिप्ट करून, म्हणजे किल्लीशिवाय वाचता येणार नाहीत असे ठेवलेत, म्हणजे ते पासवर्ड मॅनेजरइतकेच सुरक्षित आहेत." तसं नाही. दोन्हीकडे एन्क्रिप्शन तेच असलं तरी दोन्हींचं वचन वेगळं आहे. पासवर्ड मॅनेजरची सुरक्षितता उभी आहे ती तिजोरी उघडताना माणूस समोर असतो यावर. बिल्ड साधनाचा सगळा उपयोग मात्र माणूस समोर नसताना काम होण्यात आहे. या एका फरकातून बाकीचे सगळे फरक निघतात, आणि तो नीट समजला की कुठली किल्ली कुठे ठेवायची हे ठरवणं सोपं जातं.

पासवर्ड मॅनेजर आतून कसा चालतो

कीपास, बिटवॉर्डन, वनपासवर्ड ही यातली ओळखीची नावं. कीपास २००३ पासून आहे. त्याची तिजोरी म्हणजे तुमच्याच संगणकावरची एक फाइल. बिटवॉर्डन २०१६ मध्ये आलं. त्याची तिजोरी कंपनीच्या सर्व्हरवर असते, त्यामुळे फोन आणि लॅपटॉप दोन्हीकडे एकच यादी दिसते. दोघांचीही आतली रचना साधारण सारखी आहे.

तुम्ही एकच मुख्य पासवर्ड लक्षात ठेवता. हा मुख्य पासवर्ड कुठेही साठवलेला नसतो. तो टाकला की त्याच्यावर एक मुद्दाम संथ केलेली गणिती प्रक्रिया चालते आणि तिच्यातून एक किल्ली तयार होते. त्या किल्लीने तिजोरी उघडते. काम झालं, कुलूप लागलं, की किल्ली मेमरीतून पुसून टाकायची असते. बिटवॉर्डनसारख्या सेवेच्या सर्व्हरवर जे पोचतं ते आधीच एन्क्रिप्ट झालेलं असतं, त्यामुळे कंपनीलासुद्धा तुमची तिजोरी वाचता येत नाही. आणि म्हणूनच मुख्य पासवर्ड विसरलात तर "पासवर्ड विसरलो" म्हणून बटण दाबून तिजोरी परत मिळत नाही.

प्रक्रिया संथ का ठेवतात, हे समजून घेण्यासारखं आहे. चोराने एन्क्रिप्ट केलेली तिजोरी पळवली तर तो घरी बसून एकामागून एक पासवर्ड टाकून बघू शकतो. त्याला अडवायला तिथे कुणी नसतं. तेव्हा प्रत्येक प्रयत्नाला जितका वेळ लागेल तितकं आपलं संरक्षण. पीबीकेडीएफ२ नावाच्या पद्धतीत एकच क्रिया लाखो वेळा फिरवली जाते. बिटवॉर्डनने २०२३ मध्ये नव्या खात्यांसाठी हा आकडा ६,००,००० वर नेला. तुम्हाला तो क्षणभराचा उशीर जाणवतही नाही, पण अब्जावधी पासवर्ड तपासू पाहणाऱ्या चोराला तो फार महाग पडतो. २०१५ मध्ये पासवर्डसाठीच्या खास स्पर्धेत जिंकलेली आर्गॉन२ ही पद्धत त्याच्या पुढची आहे: ती वेळेबरोबर मेमरीही भरपूर मागते, त्यामुळे हजारो प्रयत्न एकाच वेळी करणाऱ्या ग्राफिक्स कार्डांचा फायदा बराच कमी होतो. वनपासवर्डने आणखी एक गोष्ट केली. मुख्य पासवर्डाच्या जोडीला १२८ बिटची एक गुप्त किल्ली तुमच्या उपकरणावर तयार होते आणि कंपनीकडे जातच नाही. म्हणजे कंपनीच्या सर्व्हरवरून तिजोरी चोरली तरी नुसता मुख्य पासवर्ड ओळखून ती उघडत नाही.

पासवर्ड मॅनेजरचा एक गुण मात्र गणिताबाहेरचा आहे आणि मला तो सगळ्यांत उपयोगी वाटतो. बँकेच्या नावाशी मिळतंजुळतं नाव घेऊन कुणी खोटी वेबसाइट उभी केली, तर माणूस फसतो. पासवर्ड मॅनेजर मात्र वेबसाइटचा पत्ता अक्षर न् अक्षर जुळवून बघतो आणि जुळला नाही तर पासवर्ड भरायला पुढेच येत नाही. नेहमी आपोआप भरला जाणारा पासवर्ड आज भरला जात नसेल, तर तिथेच थांबावं.

या सगळ्यात किल्ली फार थोडा वेळ अस्तित्वात असते, आणि ती अस्तित्वात येते ती माणसाने मुख्य पासवर्ड टाकल्यामुळे किंवा बोट टेकवल्यामुळे. तिजोरी उघडी असते तोवरच खरा धोका. कीपासमध्ये २०२३ मध्ये असाच एक दोष सापडला होता: संगणकाच्या मेमरीची नक्कल हाती लागली तर टाइप केलेला मुख्य पासवर्ड पहिलं अक्षर सोडून परत मिळवता येत होता. २.५४ या आवृत्तीत तो दुरुस्त झाला.

बिल्ड साधन काय करतं

प्रोग्रामर जे लिहितो ते थेट चालत नाही. ते संगणकाला समजेल अशा रूपात बदलावं लागतं, इतरांनी लिहिलेले शेकडो तयार भाग त्याला जोडावे लागतात, चाचण्या चालवाव्या लागतात, गाठोडं बांधावं लागतं, त्यावर सही करावी लागते आणि शेवटी ते सर्व्हरवर किंवा प्ले स्टोअरवर पोचवावं लागतं. या सगळ्याला मिळून लोक "बिल्ड आणि डिप्लॉय" म्हणतात.

हे हाताने करताना माणूस चुकतो, आणि या साधनांचा जन्म अशाच एका चुकीतून झाला. १९७६ मध्ये अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये स्टुअर्ट फेल्डमन यांच्या एका सहकाऱ्याने अख्खी सकाळ एका बरोबर प्रोग्रामातला दोष शोधण्यात घालवली. दोष आधीच दुरुस्त केलेला होता, फक्त ती फाइल पुन्हा कंपाइल करायची, म्हणजे संगणकाला समजेल अशा रूपात बदलायची राहिली होती. त्यातून फेल्डमन यांनी 'मेक' लिहिलं. मेक प्रत्येक फाइलची वेळ बघतं: मूळ फाइल तयार फाइलपेक्षा नवी असेल तर तेवढाच भाग पुन्हा बनवायचा, बाकीच्याला हात लावायचा नाही. कुठली गोष्ट कशावर अवलंबून आहे हे एकदा लिहून ठेवलं की उरलेलं मेक बघतं. जवळजवळ ५० वर्षं झाली तरी मेक रोज वापरात आहे. जावा या प्रोग्रामिंग भाषेच्या जगात पुढे अँट, मेव्हन आणि ग्रेडल ही अशीच साधनं आली.

मेक तुम्ही सांगाल तेव्हा चालतं. पुढची पायरी म्हणजे कुणी न सांगता चालणं. सन मायक्रोसिस्टिम्समध्ये काम करणाऱ्या कोहसुके कावागुची यांनी २००४ च्या सुमाराला 'हडसन' नावाचं साधन लिहायला घेतलं. कुणीही नवा कोड जमा केला की हडसन स्वतःहून बिल्ड करायचं, चाचण्या चालवायचं आणि बिघडलं तर कळवायचं. ओरॅकलने सन विकत घेतल्यानंतर नावाच्या हक्कावरून वाद झाला आणि २०११ मध्ये बहुतेक मंडळींनी तेच साधन 'जेन्किन्स' या नव्या नावाने पुढे नेलं. आज गिटहब ॲक्शन्स, गिटलॅब, सर्कलसीआय असे अनेक पर्याय आहेत, पण पुण्यातल्या किंवा बंगळुरूतल्या एखाद्या जुन्या प्रोजेक्टवर रुजू झालात तर जेन्किन्सशी गाठ पडण्याची शक्यता अजूनही दांडगी आहे.

रात्री ३ वाजता कुणीतरी दुसऱ्या देशातून कोड जमा करतो. जेन्किन्स जागं होतं, बिल्ड करतं, डेटाबेसमध्ये बदल करतं, नवी आवृत्ती सर्व्हरवर चढवतं. त्या वेळी टीममधलं कुणी जागं असेलच असं नाही. पण डेटाबेसला पासवर्ड लागतो, क्लाउडला किल्ली लागते, अँड्रॉइड ॲपवर सही करायला सहीची किल्ली लागते. त्या किल्ल्या जेन्किन्सकडे आधीपासून असायलाच हव्यात, आणि त्या त्याला कुणाला न विचारता वापरता आल्या पाहिजेत. गावाला जाताना झाडांना पाणी घालायला आपण शेजाऱ्यांकडे घराची किल्ली ठेवून जातो, तसंच हे. शेजारी कितीही चांगले असोत, आपण परत येईपर्यंत आपलं घर त्यांच्या घराइतकंच सुरक्षित असतं.

जेन्किन्सची तिजोरी कशी बंद होते

जेन्किन्समध्ये 'क्रेडेन्शियल्स' नावाचा भाग आहे. तिथे टाकलेले पासवर्ड डिस्कवर एईएस पद्धतीने एन्क्रिप्ट होऊन जातात. पासवर्ड मॅनेजरही बहुधा एईएसच वापरतो. पण तिजोरी उघडायची किल्ली पासवर्ड मॅनेजरमध्ये तुमच्या डोक्यात असते, आणि जेन्किन्समध्ये ती त्याच डिस्कवर, 'सीक्रेट्स' नावाच्या फोल्डरमध्ये 'मास्टर.की' आणि तिच्या सोबतच्या फाइलींत असते. दुसरीकडे ठेवून चालणारच नाही, कारण रात्री ३ वाजता ती टाकायला कुणी नसतं. जेन्किन्सचं अख्खं फोल्डर कुणाच्या हाती लागलं, समजा बॅकअपची प्रत उघड्यावर राहिली, तर किल्ली आणि कुलूप दोन्ही एकत्रच गेले. शिवाय ज्याला जेन्किन्सचे ॲडमिन हक्क आहेत तो त्याच्या स्क्रिप्ट कन्सोलमध्ये दोन ओळी लिहून सगळे पासवर्ड उघडे वाचू शकतो. ही रचनेतली चूक नाही. जे यंत्र किल्ली स्वतः वापरू शकतं, त्या यंत्राचा ताबा असणारा माणूसही ती वापरू शकतो. यातून सुटका नाही.

जानेवारी २०२४ मध्ये जेन्किन्समध्ये एक गंभीर दोष जाहीर झाला. त्याच्या कमांड स्वीकारणाऱ्या भागात ॲट या चिन्हापुढे फाइलचा पत्ता लिहिला की त्या फाइलीतला मजकूर कमांडमध्ये भरला जायचा, आणि त्यातल्या ओळी चूक कळवणाऱ्या संदेशांतून बाहेर यायच्या. लॉगिन न केलेल्या माणसालाही काही फाइलींच्या पहिल्या थोड्या ओळी अशा वाचता येत होत्या, आणि परवानगी असणाऱ्याला अख्ख्या फाइली. नुसतं "फाइल वाचता येते" ऐकून दोष किरकोळ वाटेल. पण ज्या डिस्कवर किल्ली आणि कुलूप शेजारी ठेवलेत, तिथे फाइल वाचता येणं म्हणजे बहुतेक सगळंच हातात येणं.

जेन्किन्स लॉगमध्ये, म्हणजे बिल्डच्या कामाच्या नोंदीत, पासवर्ड छापला जाणार असेल तर त्या जागी चांदण्या छापतं. सोय चांगली आहे, पण तिला सुरक्षा समजू नये. ती फक्त जसाच्या तसा मजकूर ओळखते. तोच पासवर्ड बेस६४ मध्ये, म्हणजे सहज उलटता येणाऱ्या वेगळ्या लिखाणात, बदलून छापला की चांदण्या पडत नाहीत. मार्च २०२५ मध्ये गिटहब ॲक्शन्सच्या जगात हेच घडलं. २३,००० हून जास्त रिपॉझिटरी, म्हणजे कोड ठेवायच्या जागा, वापरत असलेला 'टीजे-ॲक्शन्स' चा एक तयार भाग कुणीतरी बिघडवला. तो यंत्राच्या मेमरीतल्या गुप्त किल्ल्या शोधून त्या दोनदा बेस६४ करून लॉगमध्ये छापत होता. ज्यांचे लॉग सर्वांना दिसत होते, त्यांच्या किल्ल्याही सर्वांना दिसल्या.

तीन घटना, आणि प्रत्येकात काय सुटलं

जानेवारी २०२३ मध्ये सर्कलसीआय या कंपनीने आपल्या सगळ्या ग्राहकांना सांगितलं: आमच्याकडे ठेवलेली प्रत्येक किल्ली बदला. डिसेंबर २०२२ मध्ये त्यांच्या एका इंजिनिअरच्या लॅपटॉपमध्ये घातक सॉफ्टवेअर शिरलं होतं. त्याने पासवर्ड चोरला नाही. दोन टप्प्यांची पडताळणी पूर्ण झाल्यानंतर लॉगिन झाल्याची खूण म्हणून ब्राउझरमध्ये राहणारं कुकी चोरलं आणि त्या इंजिनिअरच्या नावाने आत गेलं. ग्राहकांच्या किल्ल्या डिस्कवर एन्क्रिप्टच होत्या. पण चोराने चालू असलेल्या प्रोग्रामच्या मेमरीतून एन्क्रिप्शनची किल्लीच काढून घेतली. "डेटा एन्क्रिप्ट केलेला आहे" हे वाक्य बिल्ड साधनाबद्दल ऐकलं की मला ही घटना आठवते. वाक्य खरं होतं, आणि त्याचा उपयोग झाला नाही.

कोडकव्ह या सेवेची कथा वेगळी. चाचण्यांनी कोडचा किती भाग तपासला हे मोजणारी ती सेवा. तिची छोटी स्क्रिप्ट हजारो टीमच्या बिल्डमध्ये डाउनलोड होऊन चालायची. ३१ जानेवारी २०२१ पासून कुणीतरी त्या स्क्रिप्टमध्ये एक ओळ घातली होती, जी बिल्ड यंत्रावरचे सगळे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल, म्हणजे बहुतेक किल्ल्या, एका परक्या सर्व्हरवर पाठवायची. १ एप्रिलला एका ग्राहकाच्या लक्षात आलं की डाउनलोड केलेल्या स्क्रिप्टचा चेकसम, म्हणजे फाइलीतून निघणारा पडताळणीचा आकडा, कोडकव्हने छापलेल्या चेकसमशी जुळत नाही. दोन महिने हा प्रकार चालू होता, आणि उघडकीला आला तो एका माणसाने चेकसम जुळवून पाहिला म्हणून.

तिसरी घटना लास्टपासची, आणि ती पासवर्ड मॅनेजरच्या बाजूची आहे. ऑगस्ट २०२२ मध्ये चोरांनी आधी त्यांच्या डेव्हलपमेंटच्या भागात शिरून कोड आणि तांत्रिक माहिती घेतली. मग ज्या चौघा डेव्हऑप्स (बिल्ड आणि सर्व्हर सांभाळणाऱ्या) इंजिनिअरांना क्लाउडवरच्या बॅकअपच्या किल्ल्या मिळू शकत होत्या, त्यांपैकी एकाचा घरचा संगणक त्यांनी गाठला. त्या संगणकावर सिनेमे-गाणी लावण्याचं एक बाहेरचं सॉफ्टवेअर होतं, त्यातल्या दोषाचा फायदा घेऊन टाइप केलेली अक्षरं टिपणारा प्रोग्राम बसवला, आणि इंजिनिअरने मुख्य पासवर्ड टाकला तसा तो चोरांना मिळाला. त्या तिजोरीतून क्लाउडच्या किल्ल्या मिळाल्या, आणि त्यातून ग्राहकांच्या तिजोऱ्यांच्या बॅकअप प्रती.

इथे दोन गोष्टी बघण्यासारख्या आहेत. ग्राहकांच्या तिजोऱ्या चोरीला गेल्या तरी मुख्य पासवर्डाशिवाय त्या उघडत नव्हत्या. म्हणजे ज्यांचा पासवर्ड लांब आणि अनोखा होता त्यांच्यासाठी गणिताने वचन पाळलं. पण काही जुन्या खात्यांवर ती संथ प्रक्रिया ५,००० किंवा त्याहूनही कमी वेळाच फिरत होती, आणि वेबसाइटांचे पत्ते तर एन्क्रिप्टच केलेले नव्हते. ज्यांचे पासवर्ड सोपे होते त्यांच्यासाठी हा भाग खरोखर धोक्याचा होता. दुसरी गोष्ट अशी, की कंपनीच्या यंत्रांच्या किल्ल्या एका माणसाच्या पासवर्ड मॅनेजरमध्ये होत्या. माणसाने उघडायची तिजोरी यंत्राच्या किल्ल्यांसाठी वापरली, की ती किल्ली त्या माणसाच्या घरच्या संगणकाइतकीच सुरक्षित राहते.

बिल्डमध्ये चोरी झाली तर पासवर्ड बदलून भागत नाही

पासवर्ड मॅनेजरमधून पासवर्ड गेला तर तो बदलता येतो. बिल्ड साधनात शिरलेला चोर किल्ली न चोरताही मोठं नुकसान करू शकतो, कारण त्याच्या हाती सॉफ्टवेअर बनण्याची जागाच आलेली असते.

डिसेंबर २०२० मध्ये उघड झालेली सोलरविंड्स या सॉफ्टवेअर कंपनीची घटना याचं सगळ्यांत ठळक उदाहरण. तिथल्या बिल्ड यंत्रावर एक छुपा प्रोग्राम बसला होता आणि बिल्ड कधी सुरू होतं याची वाट बघत होता. बिल्ड सुरू झालं की तो मूळ कोडची एक फाइल बदलायचा आणि काम संपलं की मूळ फाइल जागेवर ठेवायचा. प्रोग्रामरांनी रिपॉझिटरी कितीही तपासली तरी त्यात काही सापडलं नसतं. तयार सॉफ्टवेअरवर कंपनीची खरी सही होती, आणि ते अपडेट सुमारे १८,००० ग्राहकांपर्यंत पोचलं.

पासवर्ड मॅनेजरसुद्धा कुणीतरी बिल्ड करूनच आपल्यापर्यंत पोचवतं. एप्रिल २०२१ मध्ये कंपन्यांसाठीच्या पासवर्डस्टेट या ऑस्ट्रेलियन पासवर्ड मॅनेजरच्या अपडेटच्या वाटेवर चोर बसला. साधारण २८ तास ज्यांनी अपडेट घेतलं, त्यांना बिघडवलेली फाइल मिळाली आणि ती त्यांच्या तिजोरीतले पासवर्ड बाहेर पाठवू लागली. पासवर्ड निवडताना, साठवताना सगळं बरोबर केलेले लोक यात सापडले. म्हणून पासवर्ड मॅनेजर निवडताना तो कुठून डाउनलोड करायचा हा प्रश्न साधा समजू नये. त्याच्या अधिकृत वेबसाइटवरून किंवा फोनच्या अधिकृत स्टोअरमधूनच घ्या. शोध इंजिनात वर दिसणाऱ्या जाहिरातीवर टिचकी मारून घेऊ नका.

माणूस नसताना किल्ली कशी द्यायची

आतापर्यंतचा सूर वाचून वाटेल, की यंत्राला किल्ली देणं म्हणजे हरलेली लढाई. तसं नाही. गेल्या काही वर्षांत यावर चांगले उपाय आले आहेत आणि ते सगळे एकाच दिशेने जातात: कायमची किल्ली ठेवूच नका.

यातला मला सगळ्यांत पटलेला उपाय म्हणजे ओआयडीसी. गिटहब ॲक्शन्समध्ये तो २०२१ पासून आहे. बिल्ड सुरू झालं की गिटहब त्या कामाला सही केलेलं एक ओळखपत्र देतं: हे काम अमक्या रिपॉझिटरीतलं, अमक्या ब्रँचवरचं, म्हणजे कोडच्या अमक्या शाखेवरचं आहे. ते ओळखपत्र ॲमेझॉनच्या क्लाउडला दाखवलं की तो सही तपासतो आणि तात्पुरती किल्ली देतो. ती साधारणपणे १ तासात आपोआप निकामी होते. बिल्ड साधनात कायमचं साठवण्यासारखं काहीच उरत नाही. सर्कलसीआयसारखी घटना घडली तरी चोराच्या हाती लागते ती तासाभरात मरणारी किल्ली. एकच काळजी घ्यायची: क्लाउडच्या बाजूला नेमकी रिपॉझिटरी आणि ब्रँच लिहा. ती अट सैल ठेवली तर दुसऱ्याच कुणाच्या रिपॉझिटरीतलं कामही तीच किल्ली मागू शकतं, आणि हे वाचायला वाटतं त्यापेक्षा खूप सहज घडतं.

हॅशिकॉर्पचं 'व्हॉल्ट' २०१५ मध्ये आलं. बिल्डने डेटाबेसचा पासवर्ड मागितला की व्हॉल्ट त्याच क्षणी डेटाबेसमध्ये नवा वापरकर्ता तयार करतं, त्याचा पासवर्ड देतं आणि मुदत संपली की तो वापरकर्ता काढून टाकतं. व्हॉल्ट सुरू होतं तेव्हा मात्र ते कुलूपबंद असतं. ते उघडायची किल्ली अदी शमीर यांनी १९७९ मध्ये मांडलेल्या पद्धतीने तुकड्यांत वाटलेली असते: नेहमीच्या मांडणीत ५ तुकडे, त्यांतले कुठलेही ३ एकत्र आले तरच कुलूप निघतं. म्हणजे एरवी यंत्रच कामं करतं, पण सुरुवातीला ३ माणसं हजर हवीत. रचना सुंदर आहे. प्रत्यक्षात बऱ्याच टीम ही अट काढून क्लाउडच्या किल्लीने व्हॉल्ट आपोआप उघडू देतात, कारण मध्यरात्री सर्व्हर बंद पडून सुरू झाला तर तिघांना उठवणं परवडत नाही. पुन्हा तोच प्रश्न समोर येतो: मालक हजर असावा की नसावा?

हा प्रश्न पुरता सुटत नाही. व्हॉल्टकडून पासवर्ड मागायला जेन्किन्सला आधी व्हॉल्टला स्वतःची ओळख पटवावी लागते, आणि त्यासाठी काहीतरी जवळ असावं लागतं. या पहिल्या किल्लीलाच या क्षेत्रातले लोक 'सीक्रेट झीरो' म्हणतात. ओआयडीसीसारख्या पद्धतीत ती किल्ली ज्या यंत्रणेवर काम चालतं तीच देते, म्हणून ती कुठे लिहून ठेवावी लागत नाही. ज्यांचं जेन्किन्स ऑफिसातल्या जुन्या सर्व्हरवर चालतं त्यांना ही सोय सहज मिळत नाही. त्यांनी निदान त्या पहिल्या किल्लीचे हक्क शक्य तितके कमी ठेवावेत आणि ती ठरलेल्या वेळेला बदलत राहावी.

मग तुमच्या टीममध्ये काय कुठे असावं

जे माणूस टाइप करतो किंवा ज्यासाठी माणसाने विचार करून 'हो' म्हणायला हवं, ते पासवर्ड मॅनेजरमध्ये असावं: क्लाउडच्या मुख्य खात्याचा पासवर्ड, डोमेन जिथून घेतलं तिथलं लॉगिन, दोन टप्प्यांच्या पडताळणीचे आणीबाणीचे कोड, जेन्किन्सच्या ॲडमिनचा पासवर्ड. हे बिल्ड साधनात कधीही टाकू नयेत. टीमने एकत्र वापरायचे असतील तर पासवर्ड मॅनेजरमध्येच सामायिक तिजोरी करा. व्हॉट्सॲप ग्रुपवर पाठवलेला पासवर्ड प्रत्येकाच्या फोनवर आणि बॅकअपमध्ये राहतो, आणि नोकरी सोडून गेलेल्याच्या फोनवरही.

जे यंत्र एकट्याने वापरतं ते बिल्ड साधनाकडे किंवा व्हॉल्टकडे असावं, आणि शक्य तिथे तात्पुरतं. प्रत्येक किल्लीला एकच काम द्या. चाचण्या चालवणाऱ्या कामाकडे खऱ्या डेटाबेसचा पासवर्ड असण्याचं काहीच कारण नसतं. जेन्किन्समध्ये बिल्ड मुख्य यंत्रावर चालवू नका. त्यासाठी वेगळी एजंट यंत्रं ठेवा, कारण मुख्य यंत्रावर चालणारा कुठलाही कोड त्या 'सीक्रेट्स' फोल्डरच्या अगदी जवळ पोचतो. बाहेरचे तयार भाग वापरताना नुसत्या आवृत्तीच्या नावावर विसंबू नका. त्यांच्या नेमक्या कमिटचा (कोडमधल्या बदलाच्या नोंदीचा) पूर्ण हॅश, म्हणजे त्या नोंदीची न बदलणारी लांब ओळख, लिहा. टीजे-ॲक्शन्सच्या घटनेत आवृत्त्यांची नावंच बिघडवलेल्या कोडकडे वळवली गेली होती, त्यामुळे हॅश लिहिणारे बहुतेक लोक वाचले.

चुकून किल्ली कोडसोबत गिटमध्ये, म्हणजे कोडचा इतिहास ठेवणाऱ्या साधनात गेली, तर ती ओळ काढून नवं कमिट करणं पुरेसं नाही. गिट जुनी प्रत्येक आवृत्ती जपून ठेवतं. इतिहासात किल्ली तशीच राहते. ती किल्ली आधी रद्द करा, मग इतिहास साफ करा.

आणि एक तयारी आजच करण्यासारखी आहे. भारतात 'सर्ट-इन' या सरकारी संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांच्या आत कळवावी लागते. त्या ६ तासांत "आमच्या बिल्ड सर्व्हरवर नेमक्या कुठल्या किल्ल्या होत्या?" या प्रश्नाचं उत्तर शोधत बसायला वेळ नसतो. एक साधा तक्ता करा: किल्लीचं नाव, ती काय उघडते, ती रद्द कुठून करायची, आणि रद्द केली तर काय काय बंद पडेल. तक्त्यात किल्ली स्वतः लिहायची नाही. तो तक्ता पासवर्ड मॅनेजरच्या सामायिक तिजोरीत ठेवा, म्हणजे बिल्ड सर्व्हर पूर्ण बंद करावा लागला तरी तो हाती असेल. मग त्यातली सगळ्यांत कमी महत्त्वाची एक किल्ली कामाच्या वेळेत, सगळे जागेवर असताना, खरोखर बदलून बघा. काय बंद पडतं ते तक्त्यात लिहा आणि पुढच्या आठवड्यात दुसरी घ्या.